सत्तेचाळिसावी स्लाइड

पातळकाकांना पातळ म्हणावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. शर्टाचं पोटावरचं बटण वर्षातून दोनदा तरी तुटायचं आणि जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या जुन्या नोटिसा नव्यानं वाचायचे. नाव पडलं होतं ते कामावरून. पेशींचा अभ्यास करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं ते एकच काम करत आले होते. आतड्याचा, यकृताचा नाहीतर फुप्फुसाचा कणभर तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि त्या ठोकळ्याचे पातळ काप काढायचे. पातळ म्हणजे किती, तर माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप सहज मावतील. नव्या पोरांना हे सांगून झालं की ते स्वतःच्या टकलावरून हात फिरवत आणि म्हणत, "उदाहरणाला केस तुमचाच घ्या. माझ्याकडे साठा संपलाय."

दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाची लहान खोली त्यांची. खिडकीशी काप काढायचं यंत्र, मायक्रोटोम. त्याचं चाक एकदा फिरवलं की ठोकळा पात्यावरून एकदा सरकतो आणि एक काप निघतो. पुन्हा फिरवलं की दुसरा, पहिल्याच्या शेपटीला चिकटून. असे दहा-बारा काप झाले की त्यांची एक फीत होते. ती फीत कुंचल्यानं उचलायची आणि शेजारच्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे कोमट पाण्याच्या काळ्या तळाच्या भांड्यात, अलगद सोडायची. पाण्याच्या उबेनं मेणाच्या सुरकुत्या निघतात आणि काप सपाट होऊन तरंगू लागतो. मग खालून काचेची पट्टी घालून त्याला वर उचलायचं. झाली स्लाइड. सांगायला सोपं आहे. धाकटीनं पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा अर्ध्या तासात तिनं आतड्याचा चिवडा केला होता.

या कामात एक चोर असतो. आधीच्या ठोकळ्याचा एखादा सूक्ष्म तुकडा पाण्यावर तसाच राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पुढचा काप पाण्यात सोडला की तो चोर हळूच त्याला जाऊन चिकटतो आणि मग यकृतात फुप्फुस दिसतं आणि शहाणी माणसं डोकं खाजवत बसतात. म्हणून प्रत्येक ठोकळ्यानंतर पातळकाका टिश्यू पेपरची पट्टी पाण्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचे. पाणी पुसणं, असं ते त्याला म्हणायचे. नवी पोरं या शब्दावर हसायची. काका हसू द्यायचे, आणि पाणी पुसून झालं की वहीत त्या ठोकळ्याच्या नंबरापुढे बरोबरची खूण करायचे. एकतीस वर्षांच्या अठ्ठावीस वह्या कपाटात उभ्या होत्या, आणि नंबर तिथे खूण हा नियम होता.

आता चुकांच्या पेटीविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट तिच्याशीच येऊन थांबणार आहे. प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या जुन्या सरांनी ही पेटी ठेवली होती. कुणाचीही एखादी थोर चूक झाली की ती स्लाइड टाकून द्यायची नाही, पेटीत ठेवायची आणि सोबतच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद करायची. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला बाकी काही काम नाही. त्यानं पेटीतल्या सगळ्या स्लाइडी बघायच्या. चौथी स्लाइड खुद्द मॅडमची होती. आज त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, पण विद्यार्थिनी असताना त्यांनी यकृतात एक नवाच तंतू शोधून काढला होता आणि तो त्यांच्या स्वेटरचा निघाला होता. एकोणिसाव्या स्लाइडीत हवेचा एक बुडबुडा होता. त्याची वाढ एकानं दोन महिने मोजली होती. अशा एकूण सेहेचाळीस. अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर लिहायचं काम पातळकाकांकडे होतं, आणि त्या सेहेचाळिसांत त्यांच्या हातची एकही नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. दुसरं कुणी बोललं तर मात्र त्याला अडवतही नसत.

शुक्रवारी काका निवृत्त होणार होते. मंगळवारी सकाळी धाकटी त्यांच्या खोलीत आली ती दार न वाजवताच. प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली म्हणून ती धाकटी. पीएचडीचं दुसरं वर्ष, संगणकावर बसलेला हात, आणि बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

"काका, उठा. आत्ताच्या आत्ता. तुमची स्लाइड बघायला चला."

"माझ्या स्लाइडी मी रोज बघतो."

"ही नाही बघितलेली तुम्ही. कुणीच नाही बघितलेली."

मोठ्या पडद्यासमोर मॅडम उभ्या होत्या. पडद्यावर उंदराच्या आतड्याचा काप होता, गुलाबी-जांभळा, भिंतीएवढा. धाकटीचा विषय होता आतड्याची जखम कशी भरते हा. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं आणि जखम झाली तर आसपासच्या पेशी आपलं नेहमीचं काम सोडून दुरुस्तीला धावतात. त्या किती बदलू शकतात, हा सध्या या शास्त्रातला मोठा प्रश्न आहे. धाकटीनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. स्कॅनर स्लाइडींचे फोटो काढायचा आणि प्रोग्रॅम त्या हजारो फोटोंमधून वेगळ्या दिसणाऱ्या पेशी हुडकायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं एका जागेवर लाल चौकट काढली होती.

"हे बघा," धाकटी म्हणाली. चौकटीत दहा-बारा उंच पेशी एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुपका होता. "केसाळ पेशी. जखमेच्या अगदी काठावर. आतड्यात यांचं काय काम? या असतात श्वासनलिकेत, धूळ बाहेर झाडायला. म्हणजे काका, जखम झाल्यावर आतड्याच्या पेशी इतक्या बदलल्या की त्यांना केस आले."

"याच्या शेजारचे काप?" काकांनी विचारलं.

"ते नाहीत ना. ही त्या ठोकळ्याची पहिली स्लाइड. दोन ते दहा आपण जनुकांच्या तपासणीसाठी खरवडून वापरल्या. अकरावीत काहीच नाही, पण तोवर तो पुंजका संपलाही असेल."

मॅडम पडद्याच्या जवळ गेल्या. त्या सहसा कशावर पटकन विश्वास ठेवत नसत. स्वेटरपासूनच म्हणा ना. "एका स्लाइडीवर मी उडी मारणारी नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातची असती तर सरळ म्हटलं असतं, पाणी घाण होतं, विसरा. पण ही काकांची आहे. काकांचं पाणी म्हणजे पाणी. शुक्रवारच्या बैठकीत आपण हे सांगू या. हिनं विषय बदलायचा आणि पुढची दोन-तीन वर्षं यामागे लागायचं. काका, तुमचा निरोपही त्याच बैठकीत आहे. याहून चांगला निरोप कुणाला मिळायचा?"

पातळकाकांना इतका आनंद झाला की त्यांनी तो लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या कापांवर किती पेपर छापून आले याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता. कुठल्याच पेपरात त्यांचं नाव नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. पण जाता जाता असं काही घडावं, हे म्हणजे जेवण झाल्यावर यजमानांनी आग्रहानं आणखी एक वाढावं तसं होतं. त्यांनी धाकटीकडून ती स्लाइड मागून घेतली. "पडद्यावर नाही कळत मला," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघतो एकदा."

त्यांच्या खोलीत एक जुना मायक्रोस्कोप होता. दोन डोळ्यांची भिंगं, आणि बाजूला बारीक फोकसची गोल कळ, बोटानं झिजून गुळगुळीत झालेली. काकांनी स्लाइड ठेवली, आतड्यावरून फिरत फिरत जखमेच्या काठाशी आले. झुपकेवाल्या पेशी होत्या तिथेच उभ्या होत्या. फार सुंदर दिसत होत्या. त्या अंमळ धूसर वाटल्या म्हणून काकांनी सवयीनं कळ केसभर फिरवली. पेशी लख्ख झाल्या. आणि खालचं आतडं धूसर झालं.

त्यांनी कळ उलटी फिरवली. आतडं लख्ख, पेशी धूसर. पुन्हा सुलटी. पेशी लख्ख, आतडं धूसर.

पातळकाकांनी कळीवरचं बोट काढलं. एकाच कापातल्या पेशी एकाच पातळीत असतात, एकाच वेळी स्पष्ट दिसतात. या पेशी आतड्यात नव्हत्याच. आतड्याच्या वर येऊन बसल्या होत्या. स्कॅनर बिचारा प्रामाणिक. तो वरचं-खालचं सगळं फोकसमध्ये घेऊन त्याचा एकच सपाट फोटो करतो, म्हणून पडद्यावर ही गोष्ट दिसणार कशी? आणि आजकाल भिंगाला डोळा लावतं कोण?

दुसऱ्या कुणाची तरी चूक असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी कपाट उघडलं. अठ्ठाविसावी वही. आठ महिन्यांपूर्वीचं पान. सकाळी दुसऱ्या गटासाठी उंदराच्या श्वासनलिकेचा ठोकळा कापला होता. त्याचा नंबर होता. पुढच्या ओळीवर धाकटीच्या आतड्याच्या ठोकळ्याचा नंबर. आणि श्वासनलिकेच्या नंबरापुढे, जिथे बरोबरची खूण हवी, तिथे त्यांच्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: नात झाली. ३ किलो १००.

काका स्टुलावर बसले. त्यांना सगळं आठवलं. शेवटची फीत पाण्यावरून उचलली आणि फोन वाजला. जावई होते. त्यांना बोलता येईना, नुसते रडत होते. मग एकदम हसणं ऐकू आलं, मग वजन सांगितलं. काका बोळातून धावले होते. पोट सांभाळत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दार वाजवत. खालच्या दुकानातून त्यांनी चॉकलेटं आणून वाटली. आणि मग जागेवर येऊन, वहीत ती ओळ लिहून, पुढचा ठोकळा यंत्रात लावला. हात आपलं काम करत होते. माणूस जागेवर नव्हता.

संध्याकाळी घरी काकांनी नेहमीप्रमाणे काकडी चिरायला घेतली. हे काम त्यांचं. त्यांची काकडी एवढी पातळ असायची की ताटाचं डिझाइन तिच्यातून दिसायचं. त्यांची बायको जेवायला बसली, एक फोड उचलली आणि उजेडात धरून बघितली.

"आज काकडी जाड झालीय," ती म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही."

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतकी जाड काकडी मी तुमचे वडील गेले तेव्हा एकदा खाल्ली होती. बोला आता."

काकांनी सगळं सांगितलं. बायको शिवणकाम करायची. कापणं आणि चुकणं तिला समजावून सांगावं लागत नसे. ती जेवता जेवता ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे आणखी कुणाला कळेल?"

"आपणहून कुणी त्या मायक्रोस्कोपात बघणार नाही. वही माझ्या कपाटात आहे. शेजारचे काप शिल्लक नाहीत."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी सुटताय. एकतीस वर्षं नावाला डाग नाही. आता जाता जाता कशाला?"

"मीही दुपारभर तेच म्हणतोय स्वतःला."

"मग पटत का नाही?"

"त्या पोरीचा विषय बदलणार आहेत. नसलेली गोष्ट शोधायला बसवणार तिला. दोन वर्षं. कदाचित तीन. मिळणार काहीच नाही, आणि तिला वाटेल आपल्यालाच जमत नाही."

बायकोनं दुसरी फोड उचलली, तीही बघितली आणि ताटाच्या कडेला ठेवली. "म्हणजे मी अजून तीन वर्षं ही असली काकडी खायची," ती म्हणाली. "ते काही मला जमणार नाही. उद्या सकाळी सांगून मोकळे व्हा."

काकांना हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. लेकीनं नेहमीप्रमाणे फोनवर नातीला दाखवलं. आठ महिन्यांची ती बया रांगत रांगत फोनच्या अंगावर चालून आली आणि पडदा चाटू लागली. "हिचाच सगळा उद्योग," काका म्हणाले. "ही आरोपी." आजी म्हणाली, "माझ्या नातीला नावं ठेवायची नाहीत. पाणी तुम्ही पुसलं नाहीत."

बुधवारी काका लवकर पोचले. मॅडमकडे आधी जाणं रीतसर झालं असतं, पण त्यांना ते बरोबर वाटेना. दोन वर्षं जिची जाणार, तिला पहिल्यांदा कळायला हवं. धाकटी आली तशी त्यांनी तिला आपल्या स्टुलावर बसवलं आणि तिचं बोट धरून कळीवर ठेवलं.

"काही बोलू नकोस. नुसती फिरव. पुढे-मागे."

तिनं फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं बोट थांबलं. हुशार पोरगी, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"हे वर आहे," ती भिंगातून डोळे न काढता म्हणाली.

"हो."

"तरंगता तुकडा."

"श्वासनलिकेचा. तुझ्या आधी मी तो ठोकळा कापला होता." काकांनी वही तिच्यासमोर उघडून ठेवली. "आणि पाणी पुसायचं राहिलं. माझ्या हातून राहिलं, बाळ. तुझं काहीही चुकलेलं नाही."

धाकटीनं ती ओळ वाचली. मग उठली आणि बाहेर गेली. काका दाराकडे बघत बसून राहिले. एकतीस वर्षांत इतकी लांब वीस मिनिटं त्यांनी पाहिली नव्हती. आपल्याला कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चहाचे दोन कप होते. एक तिनं काकांसमोर ठेवला.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "तीन आठवडे मी हवेत होते. बाबांना सांगून झालं, मैत्रिणींना सांगून झालं. आता सगळ्यांना परत फोन करायचे."

"येऊ दे राग. यायलाच हवा."

"तुमच्यावर येत नाहीये, हीच तर अडचण आहे." तिनं चहाचा घोट घेतला. "तुम्ही सांगितलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करत होते बाहेर. मी पुढच्या महिन्यात नवे उंदीर मागवणार होते. साठ." तिनं कप खाली ठेवला. मग पुन्हा तिचा नेहमीचा वेग आला. "पण काका, एक सांगू? माझा प्रोग्रॅम चुकला नाही. जे तिथे नसायला हवं, ते त्यानं बरोबर पकडलं. आख्ख्या हजार स्लाइडींत एक तुकडा दुसऱ्या जागेचा होता आणि त्यानं तेवढ्यावर चौकट काढली. म्हणजे तुमच्या बाकीच्या सगळ्या स्लाइडी त्यानं तपासल्या आणि पास केल्या."

हे काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी चहा घेतला. तो गोड मिट्ट झाला होता, पण त्यांना चालला.

मॅडमना सांगायला दोघं मिळून गेले. मॅडमनी ऐकून घेतलं, उठून काकांच्या खोलीत आल्या, चष्मा कपाळावर चढवून भिंगात बघितलं, कळ पुढे-मागे केली. मग वहीतली ओळ वाचली आणि बराच वेळ वाचत राहिल्या. ओळ काही एवढी मोठी नव्हती.

"हे मीच बघायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी स्लाइड बघितलीच नाही. तुमचं नाव बघितलं आणि पुढे गेले. ही माझीही चूक आहे, आणि ती स्वेटरपेक्षा वाईट आहे."

"मॅडम, शुक्रवारच्या बैठकीत..."

"शुक्रवारच्या बैठकीत हे सांगायचंच. ही सांगेल. केसाळ पेशींविषयी नव्हे, चौकटीविषयी. तरंगते तुकडे आपोआप शोधणारा प्रोग्रॅम हवा असलेल्या कितीतरी प्रयोगशाळा असतील." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि काका, पेटीचं काय ते तुम्हाला माहीत आहे."

काकांना माहीत होतं. सकाळपासून त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. जुने विद्यार्थीही आले होते. त्यांतल्या काहींचे केस काकांइतकेच उरले होते. धाकटीनं पडद्यावर आधी सपाट फोटो दाखवला, सगळ्यांना तो पुंजका बघू दिला, दोघातिघांना "वा" म्हणू दिलं. मग कळ फिरवल्यावर काय दिसतं, ते दाखवलं. खोलीत हशा पिकला. कुणाला तरी हसण्याचा तो हक्काचा हशा होता, आणि काकांनी तो पहिल्यांदाच स्वतःवर घेतला. वाटलं होतं तेवढं लागलं नाही. मॅडम भाषणात इतकंच म्हणाल्या की, या माणसाच्या पाण्यावर आम्ही सगळे एकतीस वर्षं तरंगलो. आणि खाली बसल्या.

मग टेबलावर पेटी आली. सत्तेचाळीस नंबरच्या खाचेत काकांनी स्वतःच्या हातानं ती स्लाइड ठेवली. धाकटीनं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "अक्षर तुमचंच चांगलं आहे," ती म्हणाली.

काकांनी पेन काढलं. काय दिसलं, या रकान्यात लिहिलं: आतड्याच्या जखमेत केसाळ पेशी. काय होतं, या रकान्यात: श्वासनलिकेचा तरंगता तुकडा. कुणाच्या हातून, इथे ते क्षणभर थांबले. सेहेचाळीस ओळींत त्यांनी इतरांची नावं लिहिली होती. मग त्यांनी लिहिलं: पातळकाका. हे नाव कागदावर लिहायची त्यांची ही पहिलीच वेळ. पुढच्या महिन्यात नवी मुलं येतील, त्यापुढच्या वर्षी आणखी येतील, आणि प्रत्येक जण पहिल्या दिवशी हे नाव वाचेल, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. एकतीस वर्षांच्या चोख कामानं जे झालं नव्हतं, ते या एका ओळीनं झालं होतं. त्यांना ते मनापासून आवडलं.

शेवटचा रकाना होता, कसं झालं. काकांनी 'पाणी' एवढं लिहिलं आणि धाकटी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"काका, पाणी पुसायचं राहिलं, हे काय झालं ते आहे. कसं झालं, ते लिहा. तुमच्या वहीत आहे ते."

काकांनी तिच्याकडे बघितलं. दाराशी त्यांची बायको उभी होती. लेक उभी होती. लेकीच्या कडेवरची आठ महिन्यांची आरोपी टेबलावरच्या चॉकलेटांकडे झेपावत होती. काकांनी 'पाणी' खोडलं आणि सावकाश, सुरेख अक्षरात लिहिलं: नात झाली. ३ किलो १००.

आणि पेन उचलायच्या आधी त्यांनी त्यापुढे, आठ महिने राहून गेलेली, बरोबरची खूण केली.